पोलिसांची बुलेट: वाढीव किंमत कशासाठी मोजायची?

पोलिसांच्या मोटारसायकलीचे आयुष्य घरच्या गाडीसारखे नसते. घरची गाडी एकाच्या हाताखाली असते. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी मालकाचे कान टवकारतात. ठाण्याची गाडी दिवसपाळीचा अंमलदार रात्रपाळीच्या अंमलदाराकडे सोपवतो आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिसराच तिच्यावर बसतो. बहुतेक वेळा तिच्यावर दोघे असतात आणि सोबत लाठी, वॉकीटॉकी, रेनकोट, टॉर्च असा सगळा सरंजाम. कधी ती बंदोबस्ताच्या जागी तासन् तास उन्हात उभी असते, कधी मिरवणुकीपुढे पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने सरकते आणि मध्यरात्री फोन आला की तीच गाडी चाळीस किलोमीटर एका दमात पळवावी लागते. अशा गाडीची किंमत शोरूमच्या पाटीवरून ठरत नाही. दहा वर्षे ती किती दिवस चालली, किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली आणि तिच्यावरची माणसे सुखरूप घरी पोचली का, यावर ती ठरते.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या गस्तीची दुचाकी म्हटले की बुलेटच डोळ्यांपुढे येते. या बुलेटची किंमत गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण मानकाची बुलेट ३५० बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे १ लाख २१ हजार रुपयांपासून सुरू होत होती. १ सप्टेंबर २०२३ रोजी नव्या इंजिनाची बुलेट आली ती १ लाख ७३ हजार ५६२ रुपयांपासून. साडेतीन वर्षांत बावन्न हजारांहून अधिक वाढ झाली. नावात आणि दिसण्यात फारसा फरक नाही, मग जिल्हा पोलीस दलाने हे जादा पैसे मोजावेत का? आणि याहून महाग, मोठ्या इंजिनाच्या टूरिंग गाड्यांचा विचार करावा का? ही चर्चा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर नजर ठेवून होते. नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांवर तिचे उत्तर वेगळे येते.

दोन जिल्हे, तीन तऱ्हेचे रस्ते

नांदेड पोलीस परिक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. एकट्या नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे, तालुके सोळा आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार. लातूर त्या मानाने आटोपशीर: सात हजार चौरस किलोमीटरच्या थोडे वर क्षेत्रफळ, दहा तालुके, साडेचोवीस लाख लोक. नांदेडची पूर्वेकडची हद्द तेलंगणाला लागते. देगलूर, उदगीर, देवणी, निलंगा या पट्ट्यात पलीकडे कर्नाटकातला बिदर जिल्हा आहे. गुन्हा इकडे करून तासाभरात दुसऱ्या राज्यात जाता येते, आणि हे चोरालाही ठाऊक असते.

या भागात पोलिसांच्या दुचाकीला तीन तऱ्हेच्या रस्त्यांवरून धावावे लागते. पहिला प्रकार राष्ट्रीय महामार्गांचा. नागपूरहून यवतमाळ, अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत तुळजापूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग, अकोल्याहून हिंगोली-नांदेड-देगलूरमार्गे तेलंगणात उतरणारा १६१ क्रमांकाचा आणि बार्शीकडून लातूर, उदगीरमार्गे पुढे जाणारा ६३ क्रमांकाचा. नांदेड ते लातूर हे सुमारे १४० किलोमीटरचे अंतर आता पूर्वीच्या मानाने बरेच कमी वेळात कापता येते. रस्ता रुंद झाला तशी वाहनांची गती वाढली आणि अपघाताचे स्वरूपही बदलले.

दुसरा प्रकार शहरांचा. नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वाराच्या परिसरातले जुने बोळ, होला मोहल्ल्याची आणि दसऱ्याची मिरवणूक; लातूरमध्ये गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते, बाजार समितीचा हंगाम, शिकवण्यांच्या भागातली संध्याकाळची गर्दी. इथे गाडीचा वेग बिनकामाचा ठरतो, वळण्याची जागा महत्त्वाची. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्राही याच प्रकारात धरावी. नांदेड-लातूर रस्त्यावरच भरणाऱ्या या यात्रेत माणसे, घोडे, उंट, बैल आणि वाहने एकाच पट्ट्यात दाटलेली असतात. जीप जिथे अडकते तिथून दुचाकीच वाट काढते.

तिसरा प्रकार खेड्यांचा, आणि तोच सर्वात मोठा. किनवट-माहूरचा डोंगराळ, जंगलपट्टा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर दूर. लेंडी, मन्याड, मांजरा, तेरणा यांच्या काठची गावे. गोदावरीच्या पात्रात रात्री वाळू उपसणाऱ्यांवर जायचे तर डांबरी रस्ता संपल्यावरही तीन-चार किलोमीटर उरतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला असा लिंपतो की मडगार्डमध्ये बोट घालायला जागा राहत नाही. बीट अंमलदार, म्हणजे ठरावीक गावांची जबाबदारी असलेला पोलीस, या भागात अनेकदा स्वतःच्याच मोटारसायकलीवर फिरतो. सरकारी दुचाकींच्या चर्चेत ही गोष्ट मागे पडते, ती पडू नये.

कास्ट आयर्नचा काळ

बुलेट खाकीला कशी चिकटली हे समजून घेतले तर आजचा प्रश्न सोपा होतो. १९५४ मध्ये भारत सरकारने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधली रेडिच येथील रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी केली. सुरुवातीला सुटे भाग आणून जोडणी होई. १९६२ पर्यंत सगळे भाग मद्रासमध्येच बनू लागले. मूळ इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, मद्रासची चालू राहिली. लष्कराने स्वीकारलेली आणि देशात बनणारी गाडी पोलिसांनी घेणे ओघानेच आले. १९९४ मध्ये ही कंपनी आयशर समूहाकडे गेली.

त्या काळच्या बुलेटचे इंजिन ओतीव लोखंडाचे होते, म्हणून मेकॅनिक मंडळी आजही तिला ‘कास्ट आयर्न’ म्हणतात. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. चार गिअर. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. ती सुरू करणे ही एक विद्याच होती. पेट्रोलचा कॉक उघडायचा, किल्ली फिरवायची, हेडलाइटच्या खोबणीवर बसवलेल्या अॅमीटरच्या काट्याकडे पाहत किक हळूहळू दाबायची. काटा मध्यावर आला की डाव्या हाताखालची डिकॉम्प्रेसरची बारीक कळ ओढून पिस्टन वरच्या टोकापलीकडे नेमका तेवढाच सरकवायचा. मग किक पूर्ण वर आणून एकच सणसणीत लाथ. हे जमले तर गाडी पहिल्या किकला सुरू होई. चुकले तर किक उलटी येऊन पायाची नडगी सडकून काढी. ठाण्यात नवा आलेला शिपाई ही विद्या जुन्या हवालदाराकडून शिकत असे.

या गाडीचा गुण एकच पण मोठा होता: ती कुठेही दुरुस्त होई. पॉइंट घासून बसवणे, टॅपेटची फट जुळवणे, क्लच केबल बदलणे ही कामे तालुक्याच्या कोणत्याही जाणत्या मेकॅनिकच्या हातची होती. अवगुण मात्र अनेक. तेल गळे, दोन-तीन हजार किलोमीटरला ते बदलावे लागे, थरथराटाने नट-बोल्ट सैल होत, आणि ड्रम ब्रेक पाण्यात भिजले की थांबण्याचा भरवसा राहत नसे. जुन्या गाड्यांची आठवण काढताना लोक तो गुण सांगतात. शेवटचा अवगुण सांगणारे कमी, आणि तोच जिवावर बेतणारा होता.

२०१० च्या सुमारास कास्ट आयर्न इंजिन पूर्णपणे मागे पडले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेले ३४६ सीसीचे नवे इंजिन आले, गिअर डाव्या पायाला आले, बटण-स्टार्ट रूढ झाले. किक मात्र कायम होती आणि कार्ब्युरेटरही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाले तेव्हा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्याच वर्षाअखेरीस मिटिऑर या गाडीतून पूर्ण नवे ३४९ सीसीचे इंजिन बाजारात आले, २०२१ मध्ये ते क्लासिक या मॉडेलला मिळाले आणि २०२३ मध्ये बुलेटला.

नव्या पैशांत नवे काय

ताकदीच्या आकड्यांत शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. जुन्या ३४६ सीसी इंजिनाची ताकद वीस अश्वशक्तीला थोडी कमी, नव्याची २०.२. वजन १९५ किलो, जुन्याहून थोडे जास्तच. टाकी १३ लिटरची. आकड्यांवर बोट ठेवून कोणी म्हणेल की बावन्न हजार पाण्यात गेले.

फरक आकड्यांत दिसत नाही अशा जागी आहे. नव्या इंजिनात थरथराट मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. चेसी पूर्ण नवी आहे. जुन्या एकेरी नळीच्या जागी दुहेरी नळ्यांचा सांगाडा आला. पुढची डिस्क २८० मिलिमीटरवरून ३०० मिलिमीटरची झाली. तासभर चालवणाऱ्या हौशी माणसाला थरथराट हा बुलेटचा स्वभाव वाटतो. आठ तासांच्या पाळीत तीच थरथर मनगटात, कमरेत आणि गुडघ्यात उतरते, हे रात्रगस्तीच्या कोणत्याही अंमलदाराला विचारावे. हँडलला बांधलेला सायरन, निळे-लाल दिवे, बॅटरीच्या तारांचे सांधे हेही थरथराटानेच सैल होतात. गाडी कमी थरथरली तर तिच्यावर जोडलेली यंत्रणा जास्त टिकते. हा नव्या मॉडेलचा खरा लाभ आहे.

सर्वात मोठा मुद्दा ब्रेकचा. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. पण एबीएस दोन प्रकारचे असते. सिंगल चॅनेलमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला मिळते, ड्युअल चॅनेलमध्ये दोन्ही चाकांना. २०२३ च्या बुलेटमध्ये सर्वात स्वस्त ‘मिलिटरी’ प्रकाराला मागे ड्रम ब्रेक आणि सिंगल चॅनेल एबीएस होते. त्याच्या वरच्या ‘स्टँडर्ड’ प्रकाराला मागेही डिस्क आणि ड्युअल चॅनेल. दोघांच्या किमतीत त्या वेळी २३ हजार ८७४ रुपयांचा फरक होता. सर्वात वरचा ‘ब्लॅक गोल्ड’ आणखी अठरा हजारांनी महाग, आणि ते अठरा हजार मुख्यतः रंगरूपाचे.

आता लातूर जिल्ह्यातला गाळपाचा हंगाम डोळ्यांपुढे आणावा. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेतातून चढलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती सांडलेली, वर दव पडलेले. पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. ताशी ८० किलोमीटरने निघालेली गाडी दर सेकंदाला बावीस मीटर पुढे सरकते. कोरड्या, चांगल्या डांबरावर पूर्ण ब्रेक लावला तर ती साधारण ३६ मीटरवर थांबेल. त्याच वेगात ओल्या, निसरड्या रस्त्यावर हे अंतर ६० मीटरच्या पुढे जाते. ब्रेक दाबायला लागलेला एक सेकंद यात धरलेला नाही. तो धरला तर आणखी बावीस मीटर. अशा वेळी माणूस घाबरून मागचा ब्रेकही जोरात दाबतो. मागे साधा ड्रम असेल तर चाक अडते, गाडी आडवी सरकते आणि मागे बसलेल्याच्या वजनाने ती सावरणे अवघड होते. मागच्या चाकालाही एबीएस असेल तर चाक फिरत राहते आणि गाडी सरळ रेषेत थांबते. थांबण्याचे अंतर फार कमी होईल असे नाही, पण गाडी आडवी होणार नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. पोलीस शिपाई या आकड्याबाहेर नाही. तो रात्री, पावसात आणि इतरांहून जास्त किलोमीटर फिरतो. हा प्रश्न त्याच्या जिवाचा असल्यामुळे इथे चोवीस हजारांची घासाघीस करणे चुकीचे आहे.

नव्या गाडीत गमावलेही काही. ३४९ सीसी इंजिनाच्या बुलेटला किक नाही. बॅटरी पूर्ण उतरली की गाडी जागेवर ठप्प. सायरन, दिवे, मोबाइल चार्जर असा जादा भार जोडलेल्या आणि इंजिन बंद ठेवून तासन् तास दिवे लुकलुकवत उभ्या राहणाऱ्या पोलीस गाडीत बॅटरी उतरणे अपवादाने घडत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला बॅटरीशिवाय पेट्रोलचा पंपही चालवता येत नाही, म्हणून धक्का मारूनही उपयोग होत नाही. बिघाड शोधायला निदान-यंत्र लागते, ते जिल्ह्याच्या गावच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सहज मिळते, किनवट-माहूरच्या रस्त्यावर मिळणार नाही. तिथून बिघडलेली गाडी टेम्पोत घालून आणायची म्हणजे एक दिवस आणि एक भाडे गेलेच. उलट बाजूला, तेल बदलण्याचा पल्ला आता दहा हजार किलोमीटरपर्यंत गेला आहे, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्नही नव्या गाडीला सतावत नाही. लातूरच्या साखरपट्ट्यातच तयार होणारे इथेनॉल आता वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतले रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते.

दहा वर्षांचा हिशेब

गाडी दिवसाला साधारण ४१ किलोमीटर, म्हणजे वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरते असे धरू. दहा वर्षांत दीड लाख किलोमीटर. जुन्या आणि नव्या बुलेटच्या किमतीतला बावन्न हजारांचा फरक या दीड लाख किलोमीटरवर पसरला तर किलोमीटरला ३५ पैसे पडतात. ड्युअल चॅनेल एबीएसचे चोवीस हजार पसरले तर १६ पैसे.

दुसरी तुलना जास्त महत्त्वाची: ३५० सीसीची बुलेट की १६० सीसीची साधी, टिकाऊ मोटारसायकल? पहिलीची किंमत पावणेदोन लाख आणि दुसरीची सव्वा लाख धरली तर फरक पन्नास हजारांचा. पेट्रोलचा फरक त्याहून मोठा आहे. डेपोपासून लांब असल्याने परभणी-नांदेडकडे पेट्रोल राज्यातल्या महागड्या दरांत मोडते. लिटरला १०५ रुपये धरू. बुलेट लिटरला ३५ किलोमीटर जाते असे मानले तर किलोमीटरला ३ रुपये. १६० सीसीची गाडी ४५ किलोमीटर गेली तर २ रुपये ३३ पैसे. दहा वर्षांत पेट्रोलवर बुलेट एक लाख रुपये जास्त खाते. किमतीचे पन्नास हजार मिळवले की फरक दीड लाखांचा, म्हणजे किलोमीटरला बरोबर एक रुपया, दिवसाला ४१ रुपये.

हे ४१ रुपये जास्त की कमी? राज्यात पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१ हजार ७०० रुपयांपासून सुरू होते. गाडीवरच्या दोघांचे, भत्ते सोडून, महिन्याला ४३ हजार ४०० आणि दिवसाला सुमारे साडेचौदाशे रुपये होतात. गाडी एक दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली तर त्या दोघांची गस्त बुडते आणि साडेचौदाशेचे काम खोळंबते. म्हणजे महाग गाडीने महिन्यात एक दिवस जरी जास्त चालून दाखवले तरी तिचे जादा पैसे वसूल होतात. आणि स्वस्त गाडी तालुक्यातल्या तालुक्यात दुरुस्त होऊन महिन्यात एक दिवस जास्त चालली, तर तीच सरस ठरते. महामार्गावर, जिल्ह्याच्या गावाजवळ, पहिली गोष्ट खरी ठरण्याची शक्यता जास्त. किनवट, मुखेड, जळकोट, देवणीकडे दुसरी.

करांनीही आता एक रेघ ओढली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० सीसीवरच्या गाड्यांवर, पूर्वी उपकर धरून ३१ टक्के होता तो, ४० टक्के झाला. ३४९ सीसीची बुलेट स्वस्त झाली, ६५० सीसीची गाडी महाग.

मोठ्या टूरिंग गाड्यांचा मोह

अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९०८ मध्ये हार्ले-डेव्हिडसन घेतली असे सांगतात, तेव्हापासून मोठी पोलीस मोटारसायकल ही तिथली ओळख बनली. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी अनेक वर्षे कावासाकी १००० वापरली. तिचे उत्पादन २००५ मध्ये थांबले आणि बीएमडब्ल्यूने तिची जागा आधीच घ्यायला सुरुवात केली होती. ब्रिटनमध्ये बीएमडब्ल्यू आर १२०० आरटी, जपानमध्ये पांढऱ्या रंगाची होंडा सीबी १३००. या गाड्यांचे काम ठरलेले आहे: ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरने धावणाऱ्या मोटारींना मोकळ्या रस्त्यावर गाठणे आणि ताफ्यापुढे चालणे. मिशिगन राज्याचे पोलीस दरवर्षी पोलीस वाहनांची जाहीर चाचणी घेतात; वेग, ब्रेक, हाताळणी यांचे आकडे छापतात आणि देशभरातली दले ते वाचून खरेदी करतात. आपल्याकडे घेण्यासारखी गोष्ट ही आहे, गाडी नव्हे.

बीएमडब्ल्यूची १२५४ सीसीची टूरिंग गाडी भारतात वीस लाखांहून महाग होती. एका गाडीच्या पैशांत बारा बुलेट आल्या असत्या. वजन २८० किलोच्या आसपास. ती गंजगोलाईच्या गर्दीत वळवणे किंवा गोदाकाठच्या वाळूत उभी करणे याची कल्पनाही नको. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना मोठ्या इंजिनाची धग मांडीला कशी लागेल हेही लक्षात घ्यावे. त्यात वेगमर्यादेने प्रश्नच मिटवला आहे. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही.

पाठलागाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. मंगळसूत्र हिसकावणारे वेगवान गाड्यांवरून येतात, मग पोलिसांच्या गाड्या संथ का, असा सवाल नागरिकही करतात. सवाल रास्त वाटतो, पण भर वस्तीत पाठलागाची शर्यत लावली तर चिरडला जाणारा बहुधा तिसराच असतो. असा चोर पुढच्या नाक्यावर अडवला जातो, वायरलेसवर दिलेल्या वर्णनाने, सीसीटीव्हीतून मिळालेल्या नंबराने, सीमेवरच्या नाकाबंदीने. ११२ क्रमांकाच्या यंत्रणेत जवळच्या गाडीला संदेश थेट जातो. तिथे चार साध्या गाड्या चार ठिकाणी असणे हे एका वेगवान गाडीपेक्षा कितीतरी उपयोगी.

परदेशातला एक धडा मात्र जरूर घ्यावा. ब्रिटनमध्ये २००७ साली अनेक दलांनी होंडाच्या एसटी १३०० पोलीस गाड्या रस्त्यावरून मागे घेतल्या. जास्त वेगात ही गाडी डोलू लागते अशा तक्रारी होत्या आणि एका पोलिसाचा मृत्यू झाला होता. पेट्या आणि उपकरणे लादलेली पोलीस गाडी मूळ गाडीसारखी वागत नाही, हा त्यातला अर्थ. आपल्याकडे सायरन, मागची पेटी, दिव्यांचा खांब हे सगळे बहुधा गाडी आल्यावर स्थानिक कारागिराकडून बसवले जाते. तारा ओढल्या जातात त्याही मिळेल तिथून. वजनाचा आणि बॅटरीवरच्या भाराचा विचार तिथे होत नाही, तो खरेदीच्या आदेशातच व्हायला हवा.

गाडी माणसाच्या मापाची हवी

महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटिमीटर आणि महिलांसाठी १५५ सेंटिमीटर आहे. बुलेटची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर उंच आणि गाडी १९५ किलोची. १५५ सेंटिमीटर उंचीच्या महिला अंमलदाराला भरचौकात ही गाडी उभी ठेवताना दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. शाळा-महाविद्यालयांच्या परिसरात फिरणाऱ्या दामिनी पथकांसाठी म्हणूनच शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर सोयीची. लातूरसारख्या शिक्षणाच्या गावात या पथकाचे काम बुलेटने होणार नाही. याच ३४९ सीसी इंजिनाची हंटर २०२२ मध्ये दीड लाखापासून आली, तीही बुलेटहून किमान चौदा किलो हलकी. नवे मॉडेल नेहमीच महाग असते हा समज इथे खोटा ठरतो.

शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी विजेवरच्या दुचाकींचाही विचार करता येईल. दिवसाला चाळीस किलोमीटरची गस्त त्या सहज पेलतात आणि रात्री ठाण्यात चार्ज होतात. लांबच्या बीटसाठी मात्र आज त्यांच्यावर विसंबता येणार नाही.

खरेदीनंतरची वर्षे

जिल्हा पोलिसांच्या दुचाकी कधी राज्याच्या गृह विभागाच्या खरेदीतून येतात, कधी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर गाड्या ओळीने उभ्या राहतात, पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात, दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. त्यानंतर गाड्या ठाण्यांत वाटल्या जातात आणि त्यांचा भार मोटार परिवहन विभागावर, म्हणजे ठाण्यातल्या भाषेत ‘एमटी’वर येतो. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट यांची मागणी, तिची मंजुरी, बिलाची तरतूद यांत आठवडे जातात. दोन हजारांच्या बॅटरीसाठी पावणेदोन लाखांची गाडी झाडाखाली उभी राहते तेव्हा नवे मॉडेल आणि जुने मॉडेल हा फरकच संपतो.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी नव्याने होत नाही. त्यामुळे जुन्या गाड्या निर्लेखित होऊन नव्या येतच राहणार. येत्या काही वर्षांतल्या खरेदीवर पुढच्या दहा वर्षांची गस्त ठरणार आहे, म्हणून हा हिशेब आत्ता नीट मांडला पाहिजे.

त्यातून निघणारे उत्तर असे आहे. ३६१, १६१ आणि ६३ क्रमांकाच्या महामार्गांवरच्या ठाण्यांसाठी ३५० सीसीची नवी बुलेट किंवा तिच्याच इंजिनाची हलकी गाडी घ्यावी आणि तिची वाढीव किंमत बिनदिक्कत मोजावी, पण ड्युअल चॅनेल एबीएस असेल तरच. रंगावर आणि क्रोमवर एक रुपयाही नको. खेड्यांच्या बीटसाठी १२५ ते १६० सीसीची, तालुक्यात दुरुस्त होणारी गाडी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत बीट अंमलदाराला स्वतःची गाडी झिजवावी लागणार नाही इतक्या गाड्या द्याव्यात. शहरातल्या पथकांना स्कूटर. ३५० सीसीवरची कोणतीही टूरिंग गाडी या दोन जिल्ह्यांच्या पोलिसांसाठी आज परवडणारी नाही आणि गरजेचीही नाही. नांदेड-लातूरच्या नियोजन समित्यांनी पुढची दुचाकी खरेदी मंजूर करताना त्याच ठरावात पाच वर्षांच्या टायर-बॅटरी-ब्रेकसाठी वेगळी तरतूद करावी आणि प्रत्येक गाडी वर्षात किती दिवस बंद होती याचा तक्ता दरवर्षी जाहीर करावा.